दोन वाजताची ओहोटी

ला कांदेलियात दोन्या तेओफिला क्वेरोच्या, म्हणजे तेओफिलाबाईच्या, हातचं जेवण पाहुण्यांना उशिरा मिळालं, असं आजवर एकदाच घडलंय. त्या एका दिवसाचे टोमणे ती अजून ऐकते. लग्न असो, बाप्तिस्मा असो, चुलीपाशी ती दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "चला रे, तेओ रांधतेय. अजून एक झोप काढून येऊ." ती हसते. पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाखते आणि म्हणते, "काढ की झोप. तुझ्या वाट्याचा मासा मांजराला घालते."

हे टोमणे तिने समजून उमजून पदरात घेतले होते.

ला कांदेलिया म्हणजे कोलंबियाच्या प्रशांत किनाऱ्यावरची साठ-सत्तर घरं, सगळी लाकडी खांबांवर उभी. पुढ्यात खाडी, पलीकडे खारफुटी. रस्ता नाही. कुठेही जायचं तर होडी, आणि होडी पाणी असेल तेव्हाच. दिवसातून दोनदा खाडी तुडुंब भरते आणि दोनदा तळापर्यंत रिकामी होते. इथलं मूल घड्याळ शिकायच्या आधी ओहोटी शिकतं.

तेओफिलाचं आयुष्य या दोन वेळांत वाटलेलं होतं. पाणी गेलं की ती गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून खारफुटीच्या मुळांमधून काळ्या शिंपल्या वेचायची. कमरेला टोपली, आणि डासांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर करायला हातात पत्र्याचा डबा. पाणी चढलं की आसपासच्या खाड्यांतून तिला बोलावणं यायचं, कारण ती सुईण होती. "तेओ ओहोटीला शिंपल्या काढते आणि भरतीला पोरं," असं गावात म्हणायचे. चारशेच्या वर बाळं तिने या हातांनी जगात आणली. सगळी तिच्यासारखीच काळी. शेकडो वर्षांपूर्वी साखळदंडांतून या किनाऱ्यावर उतरवलेल्या माणसांची नातवंडं-पणतवंडं.

लेइसी ही तिची एकुलती एक मुलगी. अबुंदियो नावाडी हा लेइसीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. तेव्हापासून तो आणि तेओफिला एकमेकांचे कोंपाद्रे आणि कोमाद्रे, म्हणजे सख्ख्या भावंडांच्याही जवळचे.

त्या उशिराच्या जेवणाच्या चार वर्षं आधी लेइसीला कळा सुरू झाल्या. तेओफिलाने पोटावर हात ठेवला आणि तिला कळलं, बाळ आडवं आहे. हे आपलं काम नाही. आपला हात कधी बाजूला घ्यायचा हे ज्या सुइणीला कळतं तीच खरी सुईण, असं तिची आई म्हणायची. तिने वेळ घालवला नाही. सकाळची भरती चढत होती. सातच्या सुमाराला तिने लेइसीला अबुंदियोच्या होडीत घातलं आणि आठ वाजता ते बंदराच्या शहरातल्या रुग्णालयाच्या दारात होते.

खिडकीतल्या बाईने लेइसीकडे एकदा पाहिलं. म्हणाली, "बसा बाकावर."

"बाळ आडवं आहे, ताई."

"ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या बायका काटक असतात. फार दुखत असतं तर ओरडली नसती का?"

लेइसी ओरडत नव्हती. ओरडण्यात ताकद घालवू नकोस, श्वास धर, हे तिला आईनेच शिकवलं होतं.

त्या बाकावर त्या दोघी सहा तास बसल्या. दोन वाजून गेल्यावर लेइसी बसल्या जागी कलंडली, तेव्हा कुठे धावाधाव झाली. बाळ वाचलं. त्या मुलीचं नाव मारेलिस. लेइसी वाचली नाही.

आठवड्याने हातात कागद आला. गावच्या मास्तरीणबाईंनी तो वाचून दाखवला. रुग्ण दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी थेट घरून दाखल. घरगुती सुइणीने आणण्यास विलंब केल्यामुळे मृत्यू.

"पुन्हा वाचा," तेओफिला म्हणाली. बाईंनी पुन्हा वाचलं. कागदात तेच होतं.

त्या कागदामागोमाग तिचं सुइणीचं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. शेजारच्या खाड्यांतून बोलावणी यायची थांबली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. दिवस भरलेल्या बायका ती दिसली की विषय बदलायच्या, एवढंच. पण सगळ्यात वाईट वेगळंच होतं. शिक्का मारलेला कागद घरात पडून राहिला की माणूस हळूहळू स्वतःच्याच आठवणीवर संशय घ्यायला लागतो. आपण खरंच सकाळी गेलो होतो ना? की अजून थोडं पाहू, अजून थोडं पाहू, असं म्हणत आपणच वेळ घालवला?

तिने खारफुटीचं एक लाकूड तासलं, त्यावर वीतवीत अंतरावर खुणा कोरल्या आणि ते गावच्या धक्क्यासमोर खाडीच्या तळात रोवलं. लेइसी गेली तो अमावास्येनंतरचा पाचवा दिवस होता. तेव्हापासून दर अमावास्येनंतर पाचव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, तेओफिला टोपली घेऊन तिथे जाऊन उभी राहायची. लोकांना वाटायचं शिंपल्यांना आलीय. ती पाहायची फक्त खुणा. दर वेळी पाणी सगळ्यात खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं असायचं. साडेअकरापासून साडेचारपर्यंत खाडीत नुसता चिखल. त्या वेळात इथून होडी हलणं शक्यच नव्हतं. शहर तासाभरावर. मग दोन वाजून दहा मिनिटांनी "थेट घरून" ती पोचली कशी?

हे तिने रुग्णालयात जाऊन दोनदा सांगितलं. तिथल्या माणसाने विचारलं, "तुमच्याकडे लेखी काही आहे?"

मग एक दिवस गावच्या परिषदेला पत्र आलं. जगभरात आफ्रिकी वंशाच्या माणसांना कुठे कुठे डावललं जातं ते स्वतः जाऊन पाहायचं, लोकांचं ऐकायचं आणि सरकारांपुढे मांडायचं, या कामासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञांपैकी काही जण या किनाऱ्यावर येणार होते. ला कांदेलियालाही भेट होती. अध्यक्षांनी तारीख वाचली. तेओफिलाने घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरातले चंद्र बोटांनी मोजले आणि तिचं बोट थांबलं. अमावास्येनंतरचा पाचवा दिवस.

तयारीला नगरपालिकेचा माणूस आला, हेरार्दो. डोंगरातल्या गावाहून नुकताच बदलून आलेला. होडीतून उतरताना दोन्ही हातांनी होडीच घट्ट धरून बसणारा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात वेळापत्रक होतं.

"नऊला पाहुणे उतरतील, अकराला निघतील," त्याने वाचलं. "स्वागत, नाच, शाळा, जेवण. ऐकून घ्यायला पस्तीस मिनिटं. बोलणारे पाच जण, नावं ठरलीत."

"मला बोलायचंय," तेओफिला म्हणाली.

"कशाबद्दल?"

तिने सांगितलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दोन्या, फार वाईट झालं हो. पण हे घरगुती दुःख आहे. पाहुणे वंशभेदाबद्दल ऐकायला येतायत, आजारपणाबद्दल नाही. तुम्ही स्वयंपाकाचं बघा. तुमच्या तोडीचं रांधणारं आहे का कुणी इथे?"

 खरं तर तिलाही वाटलं, म्हणतो ते बरोबरच असेल. वंशभेद हा शब्द तिने कधी वापरला नव्हता. ती त्याला "बाकावर बसवणं" म्हणायची. ते आणि हे एकच का, हे तिला कुठे माहीत होतं?

"बरं," ती म्हणाली. "स्वयंपाक माझ्याकडे."

ला कांदेलियात एक रीत आहे. पाहुण्यासाठी भांडं चुलीवर चढलं की ते उतरेपर्यंत पाहुणा उठत नाही. उठला तर त्या घराशी संबंध तोडला असं समजतात. त्यामुळे रांधणारीवरही एक बंधन असतं. तिने पाहुण्याला ताटकळत ठेवायचं नाही. जी ठेवते तिचं नाव पुढच्या पिढीपर्यंत चेष्टेत राहतं.

त्या दिवशी पाहुणे नऊला उतरले. तिघे तज्ज्ञ आणि एक दुभाषी मुलगी. तिघांत पुढे होत्या श्रीमती चिलेशे, झांबिया देशातल्या निवृत्त न्यायाधीश. साठीच्या, रुंद बांध्याच्या, तेओफिलाहूनही काळ्या. त्यांना पाहून म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या क्वेरोंच्या घरातली वाटते!"

स्वागत झालं, नाच झाला. पाच जणांनी पस्तीस मिनिटांत नदीबद्दल, शाळेबद्दल, जमिनीच्या हक्काबद्दल सांगितलं. सगळं खरं होतं. पण प्रत्येकाने सात मिनिटांत बसेल एवढंच सांगितलं.

सव्वादहाला हेरार्दो चुलीपाशी आला. "दोन्या, वाढायचं ना?"

"आत्ता कुठे नारळ फोडलेत, साहेब."

"आत्ता?"

"खेकडे आणि मासे नारळाच्या रसात करतेय. आधी पातळ रस, तो आटला की मग जाड. घाई केली तर फाटतो. फाटलेला रस वाढू का पाहुण्यांना?"

तो गेला. पावणेअकराला परत आला. तेओफिला खोबरं खवत होती, इतकं सावकाश की शेजारच्या बायका अस्वस्थ होऊन हात पुढे करत होत्या. "दे गं, मी खवते." "राहू दे," ती म्हणायची. तिने लाकडंही ओली निवडली होती. चूल नुसती धुमसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती वाईट रांधत होती आणि त्याची लाज तिच्या कानशिलांपर्यंत चढली होती.

अकराच्या सुमाराला अबुंदियो आला. पाहुण्यांची होडी शहरातून तोच घेऊन आला होता, कारण या खाडीतली वळणं त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. तो दारातूनच हळू म्हणाला, "कोमाद्रे, पाणी चाललंय."

"चालू दे, कोंपाद्रे."

त्याने चुलीकडे पाहिलं. ओल्या लाकडांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "आज पाचवा दिवस ना?"

"पाचवा."

अबुंदियो परत फिरला. धक्क्याजवळच्या बदामाच्या झाडाखाली जाऊन आडवा झाला आणि तोंडावर टोपी ओढून घेतली.

पावणेबाराला वाढणं झालं. रस फाटला नव्हता. तेवढं तिच्या हातून झालंच नसतं. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं. साडेबाराला सगळे धक्क्यावर आले तेव्हा होडी एका कुशीवर कलंडून चिखलात रुतली होती आणि तिच्याभोवती बगळे फिरत होते.

"पाणी कुठे गेलं?" हेरार्दो ओरडला.

टोपीखालून आवाज आला, "समुद्रात, साहेब."

"अरे, पण येणार कधी?"

"साडेचारला. त्याला तुमच्यासारखीच वेळ पाळायची सवय आहे."

लोक हसले. हेरार्दो फोन कानाला लावून वर चढाकडे पळाला. दुपारच्या दोन बैठका बुडाल्या होत्या. श्रीमती चिलेशे मात्र धक्क्याच्या पायरीवर बसल्या आणि कलंडलेल्या होडीकडे पाहत राहिल्या. तेओफिलाने हात धुतले, डोक्याचा रुमाल बदलला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दुभाषी मुलगी शेजारी आली.

"जेवण मी मुद्दाम उशिरा केलं," तेओफिला म्हणाली. "होडी माझ्यामुळे अडकली. आधी ते सांगते, मग बाकीचं."

चिलेशेबाईंनी तिच्याकडे वर पाहिलं. रागावतील असं मुलीला वाटलं. त्या म्हणाल्या, "बाकीचं सांगा."

तिने सांगितलं. पस्तीस मिनिटांहून बराच जास्त वेळ लागला. चिलेशेबाईंनी कागद पाहिला आणि न्यायाधीशासारखे प्रश्न सुरू केले.

"चार वर्षांपूर्वी त्या दिवशी खाडी अशीच होती, हे कशावरून?"

"चंद्रावरून. अमावास्येनंतरच्या पाचव्या दिवशी दोनला तळ दिसतो. चार वर्षं बघतेय. तो समोरचा खांब मीच रोवलाय."

"माझ्या देशाला समुद्रच नाही," चिलेशेबाई म्हणाल्या. "पाण्याने असं ठरल्या वेळी जावं, हे मी पहिल्यांदा पाहतेय." त्यांनी घड्याळ पाहिलं. दोनला वीस मिनिटं कमी होती. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, स्कर्ट वर खोचला. "चला, दाखवा."

"अहो, मांड्यांपर्यंत रुताल!"

"धरा मग मला."

दोघी चिखलात उतरल्या, मागोमाग दुभाषी मुलगीही. धक्क्यावर अख्खा गाव जमला. "डावीकडे नको, पाहुणीबाई, तिकडे गिळतो!" "तेओ, न्यायाधीश पाडशील हं!" खांबाशी पोचल्यावर चिलेशेबाईंनी खालच्या खुणेवर हात फिरवला. खूण कोरडी होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली तोवर त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"समजा," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही अकराला, पाणी असताना निघालात. बाराला पोचलात. नोंद दोनला झाली. असंही असू शकतं."

तेओफिलाने क्षणभर विचार केला. "असू दे की तसंच. मग बारा ते दोन तिला कुणी बसवून ठेवलं?"

दुभाषी मुलीने ते वाक्य सांगितलं. चिलेशेबाईंनी मान हलवली. मग आधी कुणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "तुम्ही बाकावर होतात तेव्हा आत कोण कोण गेलं?"

तेओफिलाने डोळे मिटले. हे तिच्या डोळ्यांसमोरून कधी हललंच नव्हतं. पण कुणी विचारलंही नव्हतं. "लाल छत्रीवाली, दिवस भरलेली. नंतर आली, आधी गेली. मग दोघी बहिणी. मग पाय मुरगळलेली एक. मग दुकानदाराची सून. मग अजून दोघी. एकूण सात जणी. सगळ्या गोऱ्या, डोंगरातल्या." ती थांबली. "बाकावर आणखी दोघी उरल्या होत्या. त्या आमच्यातल्याच होत्या."

ते सांगता सांगताच तिला कळलं की हेरार्दोच्या 'कशाबद्दल?' या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. बाकावर बसवणं आणि तो मोठा शब्द, दोन्ही एकच होतं.

 चिलेशेबाई म्हणाल्या, "खोटी आशा दाखवत नाही. निकाल द्यायचा अधिकार मला नाही. मी फक्त लिहू शकते. सरकार वाचेल, उत्तर देईल, कदाचित देणारही नाही."

"निकाल नको. आठ वाजले होते, एवढं लिहा. कुठेतरी शिक्क्याच्या कागदावर आठ असू दे."

साडेचारला पाणी आलं. होडी सरळ झाली, आधी हळूच, मग एकदम. चिलेशेबाईंचे पाय अजून चिखलाने माखलेले होते. त्यांनी ते धुतले नाहीत. होडी सुटताना हेरार्दो काठावरच्या तेओफिलाला म्हणाला, "दोन्या, तुम्ही माझी नोकरी घालवणार होतात."

"जेवलात ना पोटभर?" ती म्हणाली. "मग निघा सुखाने."

अहवाल यायला आठ महिने लागले. मास्तरीणबाईंनी तो फोनवर उघडला. बरीच पानं होती, कितीतरी देशांची, गावांची नावं होती. ला कांदेलियाच्या वाट्याला एक परिच्छेद आला होता. त्यात तेओफिलाचं नाव नव्हतं, लेइसीचंही नव्हतं. "एका पारंपरिक सुइणीने दिलेल्या आणि भरती-ओहोटीच्या वेळांशी जुळणाऱ्या माहितीनुसार," बाई वाचत होत्या, "रुग्ण सकाळी आठच्या सुमारास पोचली होती. दाखल करण्याच्या वेळांच्या नोंदी, आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया वेदना अधिक सोसतात या समजुतीचा उपचारांवर होणारा परिणाम, यांची सरकारने तपासणी करावी."

"वेळ पुन्हा वाचा."

"सकाळी आठच्या सुमारास."

अबुंदियो खिडकीत बसून जाळं विणत होता. "मिळाले ना तुझे आठ?" तो म्हणाला. "आता यापुढे पाहुण्यांना वेळेवर घाल जेवायला."

रुग्णालयातला कागद अजून बदललेला नाही. तपासणी करू असं एक पत्र आलंय, तेवढंच. ओळखपत्रही मिळालेलं नाही. पण गेल्या महिन्यात शेजारच्या खाडीतून एका बाईचा निरोप आला: सातवा महिना आहे, नुसता पोटाला हात लावून जाशील का? तेओफिला गेली. बाळ सरळ होतं.

परवा पुन्हा पाचवा दिवस होता. दुपारी दोनला ती खाडीत उतरली, मागे छोटी मारेलिस. खांबावर आता कालवं चिकटलीत. खालची खूण दिसतसुद्धा नाही. तेओफिलाने धुराचा डबा पेटवला, तो अडकवायला इकडेतिकडे पाहिलं आणि खांबाच्याच टोकाला टांगून टाकला. मग वाकून मुळांखाली हात घातला.

"आजी, आज किती काढायच्या?"

"टोपली भरेपर्यंत," ती म्हणाली. "साडेचारपर्यंत वेळ आहे."